खंडेनवमीचा मान

१

रोहिदास मुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेला, आणि त्याचा दहावा व्हायच्या आत कंपनीने आपल्या या कामगाराला दारुडा ठरवून टाकलं होतं.

विजयश्री सबनीसला हे सांगण्यात आलं ते महाळुंग्यातल्या ‘नवांगार एनर्जी’च्या गारेगार मीटिंग रूममध्ये, समोर काजूची बशी ठेवून. कारखान्यातल्या अपघातांची चौकशी करणं हा तिचा व्यवसाय; या वेळी विमा कंपनीने तिला पाठवलं होतं. त्याआधी बरीच वर्षं चिंचवडच्या एका कॉलेजात तिने रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि तिथली पोरं पाठीमागे तिला जमदग्नी म्हणायची. ते तिला ठाऊक होतं आणि त्यात तिला काही वावगं वाटत नसे. जिथे राग यायला हवा तिथे ज्याला तो येत नाही, त्या माणसाचं काहीतरी बिघडलंय, असं तिचं साधं मत होतं.

“मॅडम, सरळ केस आहे,” प्लँट मॅनेजर धनेश काळोखे म्हणाला. “खंडेनवमीला पूजा झाली. मग पोरांनी बसायचा बेत केला असणार. ह्याने कुठली तरी हातभट्टी मारली. लॉकरमध्ये बाटली सापडलीय. तुमचा रिपोर्ट आला की विमावाले मोकळे, आम्ही मोकळे.”

“आणि रोहिदास?”

“तो तर झालाच की मोकळा,” धनेश हसला.

विजयश्रीने काजूची बशी लांब सरकवली. हसणाऱ्याच्या तोंडावर ती रिकामी करावी असं तिला मनापासून वाटलं होतं, पण अजून बरंच विचारायचं होतं.

तेवढ्यात डॉक्टर सलिल अधिकारी आत आले. कंपनी त्यांची, संशोधन त्यांचं. अंगात खादीचा झब्बा, आवाज असा मऊ की कुणाचाही विश्वास बसावा. दगडी कोळशापासून वायू करायचा, त्यातला विषारी कार्बन मोनॉक्साइड रिअॅक्टरच्या बंद टाकीत निकेलच्या दाण्यांवरून तापवत नेऊन त्याचा स्वयंपाकाच्या गॅससारखा मिथेन बनवायचा, हे त्यांचं काम. टीव्हीवर त्यांच्या मुलाखती व्हायच्या.

“रोहिदास आमच्या घरचा माणूस होता,” ते म्हणाले. “फार वाईट झालं. पण प्लँटमध्ये वायू नव्हता हो. पूजेआधी रिअॅक्टरमध्ये नायट्रोजन सोडून सगळा वायू हाकलून दिला होता. रिकामे सिलिंडर अजून पडलेत, बघून घ्या. रोहिदासच्या छातीवर गॅसचा मीटर होता, तो एकदाही वाजला नाही.”

“म्हणजे तुमच्याकडून काहीच चुकलं नाही.”

“दुर्दैव,” डॉक्टर म्हणाले. अशा माणसांना शब्द कधी कमी पडत नाहीत.

शवविच्छेदन करणाऱ्या सरकारी डॉक्टरला विजयश्रीने तिथूनच फोन लावला. तो तरुण होता, चाचरत बोलत होता. दारूचा अहवाल यायचा होता, पण त्याला स्वतःला एक गोष्ट खटकली होती. रोहिदासची दोन्ही फुप्फुसं पाण्याने गच्च भरलेली होती, आतून भाजल्यासारखी.

विषारी दारूने माणूस आंधळा होतो, बेशुद्ध पडतो. त्याची फुप्फुसं आतून भाजत नाहीत.

२

कस्तुरा मुळेची खोली कंपनीपासून जवळच, एका चाळीत होती. ती मूळची अंबाजोगाईकडची. दारात तिचा दीर बसला होता, गावाकडून आलेला, मान खाली घालून. रोहिदास दारू पिऊन मेला ही बातमी कंपनीतल्या कुणीतरी गावापर्यंत पोचवली होती, आणि भावकीतल्या चार लोकांनी दहाव्याला येणार नाही म्हणून कळवलं होतं.

“पैशाचं मागून बघू, बाई,” कस्तुरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, सगळं आटून गेलं होतं. “आधी त्यांच्या नावाला लागलेला डाग काढा. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला न्हाई. माझ्या दोन लेकींना उद्या कुनी दारुड्याच्या पोरी म्हणलं तर मी काय करू?”

विजयश्रीने तिला त्या दिवसापासून सगळं सांगायला लावलं.

खंडेनवमीला रोहिदास नवा शर्ट घालून गेला होता. दुपारी आला तो डोकं धरूनच. कंपनीत ओकारी झाली होती. पण थोडं पडल्यावर बरं वाटलं, पुरणपोळी खाल्ली. दसऱ्याला तर अगदी ठणठणीत होता, सगळ्या चाळीला सोनं वाटून आला, म्हाताऱ्यांच्या पाया पडला. संध्याकाळी छाती आवळायला लागली. रात्रभर धाप. दवाखान्यात नेलं, सकाळी संपलं.

“दुपारी आले तेव्हा काही म्हणाले?”

“वास डोक्यातून जाईना म्हणले. बंद घर उघडल्यावर येतो ना, कुबट, तसा. आन् काजळीचा.” मग तिचा चेहरा क्षणभर उजळला. “पण खुशीत होते, बाई. दरसाल मोठे साहेब स्वतः पूजा करतात. रिअॅक्टरचं खालचं झाकण उघडून आत हळदकुंकू वाहतात. औंदा साहेबांनी तो मान ह्यांना दिला.”

तिने मोबाइलमधला फोटो दाखवला. झेंडूच्या माळा घातलेला रिअॅक्टर, त्याच्या पायाशी उकिडवा बसलेला रोहिदास, तोंड उघड्या झाकणाजवळ. पाहुणे आणि डॉक्टर अधिकारी मागे, पार शेडच्या दारात उभे.

विजयश्रीने फोटो मोठा करून पाहिला. कुबट काजळीचा वास, थोडी मळमळ, मग एक अख्खा दिवस माणूस धडधाकट, आणि नंतर फुप्फुसं भरून मरण. असं वागणारं एकच विष तिला माहीत होतं, आणि ते बाजारात मिळत नाही. ते नवांगारच्या रिअॅक्टरमध्येच तयार होऊ शकत होतं.

३

दुसऱ्या दिवशी तिने प्लँटवर अबोलीला गाठलं. अबोली तिथली केमिस्ट, एम.एस्सी. होऊन वर्षही झालं नव्हतं. रडून तिचे डोळे सुजले होते.

“निकेल कार्बोनिल,” विजयश्री म्हणाली. “शिकलीयेस ना?”

अबोलीचा चेहरा उतरला. “हो. निकेल तापलेलं असेल तोवर काही होत नाही. पण कार्बन मोनॉक्साइड आत असताना ते थंड होऊ दिलं, तर दोन्ही मिळून कार्बोनिल बनतं. भयंकर विष. पण मॅडम, म्हणूनच तर नियम आहे. रिअॅक्टर गरम असतानाच नायट्रोजन सोडायचा, वायू पूर्ण घालवायचा, आणि मगच थंड करायचं. सिलिंडर रिकामे आहेत म्हणजे नायट्रोजन सोडलाय.”

“सोडलाय, हे मलाही दिसतंय. कधी सोडला? थंड करायच्या आधी की नंतर?”

अबोलीने नकारार्थी मान हलवली. तिला माहीत नव्हतं. पूजेच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी तिला लवकर घरी पाठवलं होतं. सण आहे, मी आणि धनेश बघतो, म्हणाले होते.

विजयश्रीला सगळा डाव दिसायला लागला. नंतर नायट्रोजन सोडला तर कार्बन मोनॉक्साइड जातो आणि मीटर गप्प बसतो, कारण मीटर तेवढाच ओळखतो. पण तयार झालेलं कार्बोनिल जड असतं, ते तळाशी साचून राहतं. शिवाय झाकण उघडताना आत हवा शिरू नये म्हणून नायट्रोजनचा बारीक झोत चालू ठेवतात. म्हणजे तो झोत तळाचं सगळं विष थेट झाकणासमोर बसलेल्याच्या तोंडावर फेकणार. तिथे रोहिदास हळदकुंकू घेऊन बसला होता.

“पूजेच्या वेळी तू कुठे होतीस?”

“रोहिदासदादांच्या शेजारीच, ताम्हण धरून. झाकण उघडायच्या जरा आधी सरांनी हाक मारली, पाहुण्यांना फुलं दे म्हणून. म्हणून मी मागे गेले.” बोलता बोलता ती थांबली. आपण काय बोलून गेलो ते तिच्याही लक्षात आलं असावं.

प्लँटमधून निघणारा जास्तीचा वायू शेडमागच्या एका चिमणीच्या तोंडाशी जाळतात. विजयश्री शिडीवरून तिथवर चढली, आणि धनेश खालून जपून, जपून म्हणत राहिला. चिमणीवरचं सगळं सामान गंजून लालभडक झालं होतं, तोंडाचं चिनीमातीचं अस्तर काजळीने काळं पडलं होतं. फक्त ठिणगी पाडणारा प्लग कोराकरकरीत होता, पांढऱ्या चिनीमातीचा, दुकानातून नुकताच आणल्यासारखा.

“हा कधी बदललात?” तिने वरूनच विचारलं.

“काय बदललं?” धनेश म्हणाला. “तिथं कोण कशाला जाईल, मॅडम?”

४

कंपनीच्या गेटसमोर सुभद्राबाईंची चहाची टपरी आहे. सुभद्राबाई महाळुंग्याच्याच, गावात कंपन्या यायच्या आधीपासूनच्या, आणि कंपन्यांवर त्यांचा भारी राग. चहा मात्र कंपन्यांच्याच जिवावर चालतो, हेही त्या स्वतःच सांगतात.

“पूजेच्या आदल्या दिवशी?” त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं. “दिवस कलला तवा लाइट गेली व्हती. पर मला बत्ती लावायची गरज न्हाई पडली. त्यांच्या चिमनीचा जाळ असा ढणाणा पांढरा पेटला व्हता. एरवी कसा, निळा, दिसत बी न्हाई. मी म्हनलं, सणाची रोषणाई केली का काय ह्यांनी.”

“विझला कधी?”

“आमी टपरी बंद करूस्तवर चालूच व्हता.”

विजयश्रीने चहाचा दुसरा कप मागितला, कारण तिला विचार करायला वेळ हवा होता. नायट्रोजन जळत नाही. तो आधी सोडला असता, तर संध्याकाळीच चिमणीची ज्योत विझली असती. ती विझली नाही, उलट पांढरी झाली. कार्बन मोनॉक्साइडमध्ये निकेल कार्बोनिल मिसळलं की निळी ज्योत पांढरी होते, आणि तिच्यात चिनीमातीची वस्तू असेल तर तिच्यावर निकेलचा आरशासारखा थर चढतो. म्हणजे चिमणीच्या तोंडावरचा जुना प्लगच साक्षीदार होता. म्हणूनच तो नाहीसा झाला होता.

आणि तो प्लग काढून नेणाऱ्याला काय नेतोय हे नक्की माहीत होतं.

ती उठली ती थेट धनेशच्या केबिनमध्ये. दार लोटून समोर बसली.

“खंडेनवमीला तुम्ही लॉकर रिकामे करता ना? सगळी हत्यारं बाहेर काढून पूजेला मांडता.”

“हो, दरसाल. आदल्या दिवशी लॉकर पुसून उघडे ठेवतो. सगळ्यांसमोर.”

“आणि मांडलेली हत्यारं?”

“दसरा झाल्याशिवाय उचलायची नसतात. पद्धत आहे.”

“म्हणजे रोहिदासचा लॉकर पूजेच्या आदल्या दिवशी रिकामा होता, सगळ्यांनी बघितला होता. पूजेनंतर तो आजारी पडून घरी गेला, परत आलाच नाही. त्याची हत्यारं पूजेतच होती, लॉकर उघडायचं त्याला कारणच नव्हतं. मग ती बाटली आत चालत गेली का?”

धनेशने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला.

“तुम्ही ठेवलीत.”

“साहेब म्हणाले,” तो पुटपुटला. “मॅडम, मला पोरंबाळं आहेत. साहेब म्हणाले, विम्याचं लफडं होईल, प्लँट बंद पडला तर शंभर घरं रस्त्यावर येतील. मला वाटलं, माणूस तर गेलाच.”

“नावही घालवायचं राहिलं होतं, ते घालवलंत.” तिने आवाज चढवला नाही, तरी बाहेरचं टायपिंग थांबलं. “आता रिअॅक्टर कसा थंड केलात ते सांगा.”

मग सगळं बाहेर आलं. पाहुणे मुंबईहून पैसा घालायला येणार होते. प्लँट शेवटच्या संध्याकाळपर्यंत चालता दाखवायचा होता, आणि सकाळी त्यांच्यादेखत पूजा. हळदकुंकू हाताने लावायचं, माळा घालायच्या, म्हणजे रिअॅक्टर थंड हवाच. नायट्रोजनचा टँकर आला नव्हता, होते ते सिलिंडर नायट्रोजन फिरवून रिअॅक्टर गार करायला पुरणारे नव्हते. तेव्हा साहेबांनी तोच वायू थंड करून रिअॅक्टरमधून फिरवत आणि जास्तीचा चिमणीवर जाळत ठेवायला सांगितलं, आणि पार गार झाल्यावर शेवटी सिलिंडर सोडायला लावले.

“तुम्ही विचारलं नाहीत, असं चालतं का?”

“मी मेकॅनिकल आहे, मॅडम. साहेबांची पीएचडीच त्याच्यावर आहे, त्या कार्बोनिलवर. ते म्हणाले चालतं.”

“ज्योत पांढरी झालेली बघितलीत?”

“बघितली ना. कोळशाची धूळ जळत असेल, म्हटलं.”

तो खरं बोलत होता. त्याला पांढऱ्या ज्योतीचा अर्थ माहीत नव्हता, म्हणजे प्लग कशाला काढायचा हेही त्याला सुचणार नव्हतं. अबोली त्या संध्याकाळी घरी होती, ज्योत तिने पाहिलीच नव्हती, आणि धोका ठाऊक असता तर ती रोहिदासच्या शेजारी ताम्हण धरून बसली नसती. ज्योत पाहिली, तिचा अर्थ समजला आणि तरीही तोंडातून अक्षर काढलं नाही, असा माणूस एकच उरत होता.

५

डॉक्टर अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या केबिनच्या भिंतीवर पुरस्कार टांगलेले होते. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला.

“थिअरी चांगली आहे,” ते म्हणाले. “पण सिद्ध काय करणार? एका चहावालीला जाळ मोठा दिसला म्हणून?”

“प्लग तुम्ही काढून नेलात. पण चिमणीच्या तोंडाचं चिनीमातीचं अस्तर बसवलेलं आहे, ते हाताने निघत नाही. आज सकाळी कारखाना निरीक्षक आणि पोलिसांसमोर ते फोडून काढलं. काजळी पुसली आणि खाली आरसा निघाला. आणि रोहिदासच्या राखून ठेवलेल्या नमुन्यात निकेल तपासायला मी सांगितलंय. दारू तिथे सापडणार नाही. काय सापडणार, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.”

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी तो मऊ आवाज काढला.

“बाई, तुम्ही स्वतः शास्त्र शिकवलंय. विचार करा. आपल्या देशात कोळसा आहे, गॅस नाही. हे काम उभं राहिलं तर किती घरांत चूल पेटेल. तो एक दिवस टाळला असता तर पाहुणे गेले असते, सगळं बुडालं असतं. कार्बोनिल तयार होईलच असं नव्हतं. झालं तरी अगदी थोडं. धोका फार कमी होता, मी हिशेब केला होता.”

“ज्योत पांढरी झालेली बघितलीत, त्यानंतरही?”

“तरीही कमीच होता.”

“मग झाकण तुम्ही का नाही उघडलंत?”

डॉक्टरांची नजर भिंतीवरच्या पुरस्कारांकडे गेली.

“दरवर्षी तुम्ही उघडत होतात,” विजयश्री म्हणाली, आणि आता तिला आवाज आवरेना. “कुणाला हात लावू दिला नाहीत कधी. ह्याच वर्षी तुम्हाला कामगाराचा कळवळा आला? अबोलीला हाक मारून मागे घेतलंत, कारण ती शिकलेली होती, तिच्या मरणाला कुणीतरी जाब विचारला असता. पाहुण्यांना दारात थोपवलंत. स्वतः दारात उभे राहिलात. धोका कमी होता तर एवढी लांब जागा कशाला निवडलीत? तुम्हाला रोहिदासला मारायचं नव्हतं, तेवढं मी मान्य करते. तो मेला तर चालेल, एवढंच तुम्ही ठरवलं होतं. देशासाठी भाषण द्यायला तुम्ही, आणि देशासाठी झाकण उघडायला तो. आणि वर त्याच्या बायकोच्या पदरात दारूची बाटली टाकलीत.”

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी खिडकीतून पाहिलं, झब्ब्याच्या बाह्या नीट केल्या आणि उभे राहिले. एवढं होऊनही त्यांना चारचौघांत कसं दिसायचं याचीच काळजी होती. विजयश्रीला त्या क्षणी त्यांचा जेवढा राग आला तेवढा कुणाचाच कधी आला नव्हता.

६

कस्तुरा गेटपाशी उभी होती. बरोबर दीर. विजयश्रीनेच त्यांना बोलावलं होतं, आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं होतं, मानाचंसुद्धा. ते सांगणं तिच्या जिवावर आलं होतं. पण या बाईपासून लपवालपवी पुष्कळ झाली होती, त्यात तिला आपली भर घालायची नव्हती.

पोलिसांनी डॉक्टरांना जीपकडे आणलं तेव्हा शिफ्टची माणसं शेडबाहेर येऊन उभी होती. धनेश एका बाजूला, पडलेल्या चेहऱ्याने. अबोली रडत होती.

“साहेब, एक इचारायचंय,” कस्तुरा पुढे येऊन म्हणाली.

इन्स्पेक्टरने विजयश्रीकडे पाहिलं, आणि थांबला.

“तुमी मान दिलात, तवा ते तुमच्या पाया पडले का?”

डॉक्टर अधिकारी जीपकडे वळले. पण तिथे उभे असलेले सगळे त्या पूजेला हजर होते, आणि सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या.

“पडला,” ते शेवटी म्हणाले.

“ते वाकले, तवा तुमी काय म्हणालात?”

एवढं सुंदर बोलणाऱ्या त्या माणसाला तोंडातून शब्द काढायला किती जड गेलं, ते सगळ्यांनी पाहिलं.

“सुखी राहा, म्हणालो.”

कस्तुराने मान हलवली. तिने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. ती वळली आणि दिरासमोर जाऊन उभी राहिली. तो अजूनही मान खाली घालून होता.

“मान वर करा, भाऊजी,” ती म्हणाली. “आन् गावाकडं फोन लावा. त्यांना म्हणावं, रोहिदास दारू पिऊन मेला न्हाई. त्याला आशीर्वाद देऊन मारलाय.”